बाराव्या गाडीतले चाक

आखाजीच्या दिवशी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास धरणगावजवळच्या एका गावात बारागाड्या ओढल्या जात असताना, सर्वांत मागच्या म्हणजे बाराव्या गाडीत एका मोटारसायकलचे पुढचे चाक चढले. मोटारसायकल चालू होती व चालक तिच्यावर बसलेला होता. बैलगाडीत त्या वेळी बायका-मुले मिळून दहा-अकरा जण होते. कोणालाही इजा झाली नाही. सांजोऱ्यांची एक टोपली निकामी झाली.

एवढे निर्विवाद आहे. साल हेच, १९९२. ते गाव माझी सासुरवाडी, मोटारसायकल माझ्या मेव्हण्याची, आणि तिच्यात जो बदल केल्यामुळे हे घडले तो बदल मी करवून आणलेला. घटना घडली तेव्हा मी बारागाड्यांच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्यामुळे जे मी पाहिले नाही ते ऐकीव म्हणूनच सांगेन. जळगावच्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याचाच मला पगार मिळतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडा खुलासा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या बऱ्याच गावांत बैल सोडून बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. गाड्यांत माणसे बसतात, मावतील तितकी आणि वर आणखी थोडी. गावचा भगत उपास करून, अंगाला हळद लावून, पहिली गाडी कमरेच्या पट्ट्याला अडकवतो आणि खंडेरावाचे नाव घेऊन सगळी रांग ओढत देवळापर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दंड धरून दोघे धावतात. त्यांना बगले म्हणतात. गर्दीतले काही हात मागून गाड्यांना लागतात. ते पूर्वापार लागत आले आहेत आणि त्यांना कोणी हरकत घेत नाही.

त्या गावचे भगत म्हणजे माझे सासरे, आधार आबा. वय सासष्ट. हा मान त्यांच्या घरात त्यांच्या आजोबांपासून आहे. आदल्या वर्षी गाड्या ग्रामपंचायतीसमोर थांबल्या आणि लोकांनी ढकलून पुढे नेल्या. गाड्या थांबणे ही गावाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. पाऊस लांबला की त्याचा जाब हवामान खात्याआधी भगताला विचारतात. शिवाय गावचा दंडक असा, की लागोपाठ दुसऱ्या वर्षी गाड्या थांबल्या तर मान दुसऱ्या घराकडे जातो. दुसरे घर कोणते हे ठरलेले होते. त्या घरच्या भाईदास भाऊंनी वर्षभर दूध पिण्याचे प्रमाण वाढवले होते आणि ते लपवलेही नव्हते.

होळीच्या सुमारास आबा जळगावला आमच्या घरी आले. चहा घेतला, पेपर उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही पेपरमा शेतस. पोऱ्याले दोन शब्द सांगा. औंदा मना बाजूले उभा ऱ्हाय म्हना."

पोऱ्या म्हणजे हिलाल, आबांचा एकुलता मुलगा, वय चोवीस. घरचा मुलगा बगल्या म्हणून उभा राहिला की मान पुढच्या पिढीकडे चालला हे गावाला दिसते, आणि मग बोलणारी तोंडे जरा कमी होतात. पण हिलालचे लक्ष दुसरीकडे होते. त्याने धुळ्याच्या एका मैदानावर कोणाला तरी मोटारसायकलचे पुढचे चाक हवेत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना पाहिले होते. तेव्हापासून दोन्ही चाके जमिनीवर ठेवून चालणाऱ्या माणसांविषयी त्याला कीव वाटू लागली होती. धुळे पासिंगची एक जुनी आरएक्स हंड्रेड त्याने मिळवली होती, आणि दिवाळीत त्याच मैदानावर होणाऱ्या कसरतींत नाव द्यायचे ठरवले होते.

मी त्याला दोन शब्द सांगितले. त्याने मला एकच सांगितला.

"दाजी, ऱ्हासू ना मी उभा. पन पहिले गाडीनं गिअरिंग व्हवाले जोयजे. ते तुम्ही करी द्या, आखाजीले आबाना दंड मी धरसू."

"एवढंच ना?" मी म्हणालो. गिअरिंग म्हणजे काय हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

आता ठाऊक आहे. मोटारसायकलला इंजिनाच्या बाजूला एक लहान दातेरी चक्र असते आणि मागच्या चाकाला एक मोठे. दोन्हींवरून चेन फिरते. या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात. मेकॅनिक चेनपॉकेट म्हणतात आणि त्यांचे कुठेच अडत नाही. पुढचे चक्र आणखी लहान केले किंवा मागचे आणखी मोठे केले, की गाडीचा वेग घटतो आणि जोर वाढतो. जोर पुरेसा वाढला की रेस देऊन क्लच सोडताच पुढचे चाक आपण होऊन जमीन सोडते. सामान्य माणसाला हे संकट वाटते. हिलालला तेच हवे होते. प्रश्न फक्त कोणते चक्र बदलावे, आणि किती दातांनी, एवढाच होता.

हा प्रश्न मी घरातच ठेवायला हवा होता. तो कॉलनीत कसा गेला हे सांगता येत नाही. आमच्या कॉलनीत प्रश्न स्वतःहून चालत जातात. दुसऱ्याच दिवशी पिठाच्या गिरणीचे मालक पुना आप्पा दळणाचा डबा पोचवण्याच्या निमित्ताने आले. एरवी डबा आम्हालाच आणावा लागतो.

"पुढचं लहान करा," आप्पा म्हणाले. "माझ्या मोटरची पुली मी लहान केली, आता ज्वारी कशी निघते बघा."

"आप्पा, ज्वारी उचलायची नाहीये. चाक उचलायचं आहे."

"तत्त्व एकच आहे," असे म्हणून आप्पा बसले.

तेवढ्यात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले रुपचंद नाना फाटकातून आत आले. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "पुढचं अजिबात लहान करू नका. लहान चक्रावर चेन फार वळते. वळली की तुटते. मागचं मोठं करा. तोरणमाळच्या घाटात मी बत्तीस वर्षं गाड्या चढवल्या आहेत."

"नाना, यष्टीला चेन असते का?" आप्पांनी विचारले.

"नसते," नाना म्हणाले. "म्हणूनच ती वर पोचते."

यानंतर कॉलनीत पुढचे आणि मागचे असे दोन पक्ष पडले. पुढच्यांचे म्हणणे होते की काम थोडक्यात होते. मागच्यांचे म्हणणे होते की थोडक्यात होणारी कामे टिकत नाहीत. दत्ताच्या आरतीला दोन्ही पक्ष वेगवेगळे उभे राहू लागले. ज्यांच्याकडे सायकलही नव्हती अशा एका गृहस्थांनी मला बाजारात थांबवून दोन्ही चक्रे मधोमध बदला असा तोडगा सुचवला. त्याचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. आमची सौ. लिला हिने चार दिवस हे सगळे ऐकून घेतले आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्या भावाचा जीव पुढच्या चक्रावर टांगताय की मागच्या, तेवढं एकदा ठरवा. मला घरी कळवायचं आहे."

पुढचे चक्र जळगावात मिळत होते म्हणून पहिला प्रयोग पुढच्यांच्या मताने झाला. हिलाल गाडीसकट आमच्याकडे राहायला आला होता; चौदा दातांच्या जागी तेरा दातांचे बसवले. रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर चाचणी ठेवली. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी हजर होते. हिलालने रेस दिली, क्लच सोडला. पुढचे चाक वीतभर उठले आणि खाली बसले. पुन्हा केले, पुन्हा वीतभरच.

"मागे वजन नाही," नाना म्हणाले.

"वजन हवं," आप्पा म्हणाले. दोघांचे एकमत झालेला तो एकमेव क्षण. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्या वेळी माझे वजन ब्याऐंशी किलो होते. हा आकडा कॉलनीत कोणी कधी विचारला नव्हता. तो दिसत होता. मी मागे बसलो. एका जबाबदार दैनिकाचा उपसंपादक रविवारी सकाळी भर रस्त्यात प्रतिवजन म्हणून का बसतो, याचे उत्तर माझ्याकडे होते: सासऱ्यांचा मान. ते मी मनात म्हणत असतानाच हिलालने क्लच सोडला. चाक चांगलेच उठले असे नंतर सर्वांनी सांगितले. मी रस्त्यावर बसलेलो होतो, पाय सरळ पुढे, आणि गाडी माझ्यापासून दूर जात होती. फिरायला आलेले एक निवृत्त न्यायाधीश माझ्यापाशी थांबले. "तुम्ही पेपरात असता ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. अधिक काही विचारले असते तर बरे वाटले असते.

आता मागच्यांची पाळी आली. हवे तेवढे मोठे चक्र जळगावात मिळेना, म्हणून धुळ्याला गेलो. तिथे एका दुकानात दुसऱ्याच जातीच्या गाडीचे मोठे चक्र निघाले आणि पलीकडच्या लेथवाल्याने त्याला नवी भोके पाडून दिली. इथेच परतीची बस पकडली असती तर बरे झाले असते. पण गाडी धुळे पासिंगची, बदल तर मोठा. नियमाने नोंद करून घ्यावी असे माझ्या मनाने घेतले. ज्या कार्यालयात गेलो त्याचे नाव देत नाही, कारण तिथली माणसे माझ्याशी सभ्यपणे वागली आणि दोष असलाच तर माझ्या प्रश्नात होता.

"बदलाचं कारण?" कारकुनाने विचारले.

"पुढचं चाक उचलणे."

"बिघाडामुळे उचललं जातं?"

"नाही. मुद्दाम."

त्यांनी पेन खाली ठेवले. "साहेब, या गाडीची नोंद दुचाकी म्हणून आहे. एक चाक तुम्ही वर घेतलं तर खाली राहिलेल्या गाडीचं मी काय करू?"

त्यांनी मला शेजारच्या टेबलाकडे पाठवले. शेजारच्या साहेबांनी 'उचलणे' हा शब्द धरला आणि वाहन क्रेनच्या वर्गात घ्यावे लागेल की काय यावर बराच वेळ विचार केला. शेवटी त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही अर्ज देऊच नका. दिलात तर आम्हाला नाकारावा लागेल. नाही दिलात तर आम्हाला काही माहीतच नाही." सरकारी कामकाजातला इतका स्वच्छ सल्ला मला पूर्वी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही.

मोठे चक्र बसले. त्यावर जुनी चेन पुरेना, म्हणून दोन कड्या जोडून ती वाढवली. पुढचे तेराचे चक्र काढावे असे नानांचे म्हणणे होते. ते राहू द्यावे असे आप्पांचे. कॉलनीत शांतता राहावी म्हणून दोन्ही ठेवली. परिणाम असा झाला की गाडीचा जोर कोणाच्याही कल्पनेपलीकडे वाढला आणि वेग जवळपास संपला. लिला आधीच एसटीने माहेरी गेली होती. आखाजीच्या आदल्या दिवशी हिलाल आणि मी तिच्यावरून गावाकडे निघालो तेव्हा इंजिनाचा आवाज असा होता की शेतातली माणसे उभी राहून आभाळाकडे पाहत. रावेरकडून केळी भरून आलेले ट्रक आम्हाला एकामागून एक मागे टाकत गेले. त्याचे काही नाही. पाळधीच्या पुढे एक दूधवाला सायकलवर कॅन लटकवून आमच्या बरोबरीने आला आणि बराच वेळ बरोबरीने चालला.

"काय भो, बंद पडनी का गाडी?" त्याने ओरडून विचारले. "दोरी शे मनाजोडे. बांधी देऊ?"

हिलालने आणखी रेस दिली. दूधवाला आम्हाला शुभेच्छा देऊन पुढे निघून गेला.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. गाडी आत आली तशी त्यांनी उठून तिच्याभोवती एक फेरी मारली. मागच्या मोठ्या चक्रावर बोट ठेवले.

"हाई कितलं ओढी?"

"आबा, हाई ओढाले नही, उचलाले शे."

"काय उचलाले?"

"सोतानं चाक."

"सोतानंच?" आबा म्हणाले आणि परत बाजेवर जाऊन बसले. बसताना त्यांनी दोन्ही हात टेकले. मी ते पाहिले.

जेवणे झाल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावले. द्रौपदाबाई जावयाशी कधी पदराआडूनही चार वाक्ये बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "जवाईबापू, त्यासना गुडघा गया. परवा खयावर दोनच गाड्या बांध्यात आनि ओढी दख्यात. हालन्यात नहीत. मी भिंतमांगे व्हतू, त्यासले माहीत नही." चुलीतले लाकूड त्यांनी उगीच पुढे सारले. "मान गया तं हाऊ मानूस जाई. काहीतरी करा. पन त्यासले कळाले नको."

मी बाहेर आलो. हिलाल दाराशी उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. तो गाडीकडे पाहत होता, आणि त्याच्या मनात काय आहे हे मला कळले, कारण माझ्याही मनात तेच आले होते. धक्का हवा होता तो फक्त सुरुवातीचा. एकदा चाके फिरू लागली की रांग चालते. मागून हात लागतातच. त्या गर्दीत बाराव्या गाडीच्या फळीला पोते गुंडाळून मोटारसायकलचे पुढचे चाक टेकवायचे आणि दोन-चार हात ढकलून थांबायचे. डफ, ढोल आणि जयजयकार यांत इंजिनाचा आवाज बुडेल. मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही.

अडचण एकच होती. हिलाल मागे राहिला तर आबांच्या बाजूला कोण?

सकाळी त्याने वडिलांना सांगितले, "आबा, मना पाय लचकना. माले पयता येवाव नही."

आबांनी त्याच्या पायाकडे पाहिले. पाय सुजलेला नव्हता. "बरं," ते म्हणाले आणि हळद कालवायला सांगितली. त्या एका शब्दानंतर हिलाल दिवसभर घराच्या मागेच राहिला.

एका बाजूला आबांचा पुतण्या सुपडू होताच. दुसऱ्या बाजूला मला उभे करावे असे निघाले. त्यावर देवळासमोर पंचांची बैठक बसली. पंचांत वयाने वडील तोताराम नाना. त्यांनी मुद्दा बरोबर मांडला: "जवाई घरना का पाव्हना, हाई पहिले ठरावा." भाईदास भाऊंचे म्हणणे होते की जावई पाहुणा, आणि पाहुण्याला कामाला लावणे गावाला शोभत नाही. काहींचे म्हणणे होते की जावई घरचा, पण फक्त जेवणापुरता. बराच खल झाल्यावर असे ठरले की ज्याने सासऱ्याच्या घरी आखाजीचे आंबे खाल्ले तो त्या दिवसापुरता घरचा. मी खाल्ले होते. किती, हेही एका म्हातारीने सांगितले.

अशा रीतीने मी धोतर नेसून, उघड्या अंगाला हळद लावून, ब्याऐंशी किलोंसह गावासमोर उभा राहिलो. सासरच्या बायकांनी जावयाला या अवस्थेत पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. लिलाने पदर तोंडावर घेतला होता. ती हसत होती की नव्हती हे मी विचारलेले नाही.

यापुढचे मी पाहिलेले आहे.

आबांनी गाड्यांभोवती फेऱ्या घेतल्या, प्रत्येक चाकाला हात लावून कपाळाला लावला. बाराव्या गाडीपाशी ते जरा रेंगाळले असे मला वाटले. पण हे वाटणे आहे. मग ते पुढे आले, पट्टा अडकवला, आम्ही दंड धरले. जयजयकार झाला. आबांनी ओढ घेतली. गाड्या हलल्या नाहीत. दुसरी ओढ घेतली. गाड्या तिथेच. गर्दीत शांतता पसरू लागली आणि त्या शांततेत भाईदास भाऊ घसा साफ करताना ऐकू आले. आबांनी मान वर केली. त्यांच्या तोंडून देवाचे नाव नाही, "हिलाल" असा शब्द आला. हाक नव्हती ती. श्वासाबरोबर बाहेर पडल्यासारखा आला.

तेव्हा मागून इंजिनाचा आवाज उठला, त्याच्या पाठोपाठ बायकांचा आरडाओरडा, आणि आबांनी तिसरी ओढ घेतली. गाड्या हलल्या. आबा धावले. मी धावलो. ग्रामपंचायत गेली, पाण्याची टाकी गेली, आणि देवळाच्या पायरीपाशी आबा गुडघ्यांवर बसले. त्यांचे डोळे भरले होते. "गाड्या हलक्या लागन्यात, जवाईबापू," ते मला म्हणाले. "देवनी हात लावा."

मी त्यांच्या कमरेचा पट्टा सोडवला.

आता ऐकलेले. हिलालने पोत्याला चाक टेकवून क्लच सोडला. महिनाभर ज्या कामासाठी ती गाडी तयार केली होती, ते काम तिने त्या क्षणी चोख केले. मेहरूणला वीतभर उठणारे चाक पोत्यावरून सरळ वर चढले आणि फळी ओलांडून आत, तिथे बसलेल्या आक्काबाई आणि सांजोऱ्यांची टोपली यांच्या मध्ये, येऊन बसले. मागचे चाक जमिनीवर फिरत होते. आणि यानंतर केव्हातरी चेन तुटली.

सगळा प्रश्न या 'केव्हातरी'चा आहे. गाड्या हलल्यावर चेन तुटली असेल, तर मोटारसायकलने ढकलले. गाड्या हलण्याआधी तुटली असेल, तर मोटारसायकलने काहीही केले नाही. उलट फळीत अडकलेली ती मोटारसायकल वर बसलेल्या हिलालसकट देवळापर्यंत ओढत नेली गेली. म्हणजे आधार आबांनी सासष्टाव्या वर्षी, गेलेल्या गुडघ्याने, बारा गाड्या आणि वर एक आरएक्स हंड्रेड ओढली.

आक्काबाईंचे म्हणणे ठाम आहे. "चेन तठेच तुटनी. चाक आम्हना मजार पाव्हनासारखं बसनं आनि आम्ही त्याले वढी आनं." त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंचे म्हणणेही तितकेच ठाम आहे: चेन ग्रामपंचायतीपर्यंत वाजत होती. तुटलेली चेन रस्त्यात सापडली, पण ती पोरांनी उचलून हातोहात फिरवली, आणि आता ती सापडल्याच्या तीन जागा आहेत. ग्रामपंचायतीसमोरची जागा भाईदास भाऊंच्या भाच्याने दाखवली.

भाईदास भाऊंनी त्याच संध्याकाळी पंचांसमोर हरकत घेतली. मला त्यांच्याविषयी राग नाही. मुद्दा सरळ होता. "मांगेथीन हात चालतस. चाक चालत नही."

"चाकानं ढकलं का नही, हाई दखनं पडी," तोताराम नाना म्हणाले. म्हणजे चाचणी घ्यावी: बारा गाड्या बांधाव्यात, माणसे बसवावीत, भगताशिवाय नुसती मोटारसायकल मागे लावावी आणि हलतात का पाहावे. सर्वांना हे पटले. मग कोणाच्या तरी लक्षात आले की आखाजीखेरीज बारा गाड्या एकत्र बांधता येत नाहीत. तो देवाचा दिवस, इतर दिवशी बांधल्या तर गावावर संकट येते. अकरा बांधून पाहाव्यात असे एकाने सुचवले. त्याला खाली बसवण्यात आले. निर्णय पुढच्या आखाजीपर्यंत लांबला.

रात्री अंगणात आबांनी कंदिलाच्या उजेडात तुटलेली चेन हातात घेतली. हरकतीची बातमी त्यांना कळली होती. हिलाल समोर उभा होता.

"चेन कव्हय तुटनी?"

"माले माहीत नही, आबा."

"खरं सांग."

"खरंच माहीत नही. चाक वर व्हतं. माले नुसतं आभाय दखाये."

आबांनी चेन खाली ठेवली. मग त्यांनी मुलाच्या पायाकडे पाहिले, न लचकलेल्या. "जेवी ले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने जळगावला परतलो. आमच्या दैनिकात गावच्या यात्रेची बातमी आतल्या पानावर आली: भगत आधार यांनी बारागाड्या ओढल्या, बगले म्हणून सुपडू व गावचे जावई यांनी काम पाहिले, गाड्या देवळापर्यंत पोचल्या. ती मीच लिहिली. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. कॉलनीत तुटलेल्या चेनचा फोटोही नसताना पुना आप्पा आणि रुपचंद नाना यांनी आपापले निष्कर्ष जाहीर केले. नानांच्या मते ती लहान चक्रामुळे लगेच तुटली. आप्पांच्या मते ती वाढवलेल्या जोडात तुटली, आणि जोड काही लगेच सुटत नाही. दोघांपैकी कोणीही ती पाहिलेली नाही. आबांचा मान आमच्या पुढच्या-मागच्यांच्या भांडणात असा अडकला आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही.

पोळा झाला. गेल्या गुरुवारी सुपडू बाजाराला जळगावला आला तेव्हा घरी येऊन गेला. त्याने सांगितले की मोटारसायकल अजून अंगणातच आहे, आणि आबा रोज सकाळी तिचे हँडल धरून ती बिनचेनची गाडी ढकलत शेतापर्यंत नेतात व परत आणतात. का, ते कोणाला सांगत नाहीत. हिलाल त्यांच्यामागून चालतो. दोघे एकत्र जातात. भाईदास भाऊ ओट्यावरून पाहतात.

"आबाना निरोप शे," जाताना सुपडू म्हणाला. "गाडीले नवी चेन धाडा म्हने."

मी त्याच दिवशी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "किती लांबीची?" मोठे चक्र गाडीवर ठेवायचे असेल तर चेन लांब लागते; मग हिलाल दिवाळीत धुळ्याला जाणार, किंवा गाडी पुन्हा बाराव्या गाडीमागे उभी राहणार. मूळ चक्र परत बसवायचे असेल तर आखूड चेन पुरते. ती गाडी मग काहीही उचलणार नाही, काहीही ढकलणार नाही, आणि तिचा मालक आखाजीला पुढे, आबांच्या बाजूला, रिकाम्या हातांनी उभा असेल.

निरोपात लांबी नव्हती. सुपडू अजून बाजारातच होता; त्याच्याबरोबर मी विचारणा पाठवली आहे. आज सायंकाळपर्यंत उत्तर आलेले नाही.